गव्हाचा तांबेरा आणि द्राक्षबागायतदाराचा पंप

डिसेंबर-जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील थंडीची बातमी बहुतेक वेळा निफाडहून येते. पारा पाच अंशांच्या खाली गेला, दहिवर गोठले, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, असे त्या बातमीत दरवर्षी असते. ज्या तापमापकावरून ही नोंद घेतली जाते तो कुंदेवाडीच्या कृषी संशोधन केंद्रात आहे आणि ते केंद्र मुळात गव्हाचे आहे, हे मात्र बातमी वाचणाऱ्या फार थोड्यांच्या लक्षात येते. आजूबाजूला चहूकडे द्राक्ष आणि कांदा दिसत असताना राज्यातील गव्हाच्या कित्येक वाणांचा जन्म येथे झाला, कारण लांबलेली थंडी गव्हाला मानवते. त्या थंडीबरोबर येणारे दहिवर गव्हाच्या एका जुन्या रोगालाही मानवते आणि या लेखात मला त्याच रोगाविषयी, म्हणजे तांबेऱ्याविषयी, लिहायचे आहे. इगतपुरीच्या भातावरचा करपा आणि येवला-सिन्नरकडील बाजरीचा गोसावी हेही आपल्याच जिल्ह्यातले रोग आहेत, पण त्यांचे शास्त्र वेगळे असल्यामुळे ते येथे बाजूला ठेवतो.

आपल्याकडील शेतकरी बुरशीला नवखा नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की डाऊनी (केवडा), पुढे भुरी, मध्येच अवकाळी पाऊस, असे करत बाग काढणीला येईपर्यंत त्याच्या हातातून पंप सुटत नाही, आणि कोणत्या औषधाचा अंश किती दिवस राहतो हे निर्यातीच्या निमित्ताने त्याला तोंडपाठ झालेले असते. गहू मात्र बागेतून उरलेल्या जमिनीत, सोयाबीन किंवा मका निघाल्यावर, घरच्या खाण्यापुरता आणि थोडा विक्रीला पेरलेला असतो. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि पाहिले तर बागेच्या नजरेने पाहते. जानेवारीच्या शेवटी पाने तांबूस दिसू लागली की बागेतून उरलेली बाटली काढून फवारायची, असा प्रघात मला अनेक गावांत दिसतो. माझे म्हणणे असे की बागेचा हा हिशेब गव्हाला लागू पडत नाही. द्राक्षात रोगाचा निकाल फवारणीच्या वेळापत्रकावर लागतो, तर गव्हात तो बियाणे निवडताना आणि पेरणीच्या तारखेला बऱ्याच अंशी लागून गेलेला असतो. फवारणीला तेथे एकच आणि तेही अगदी नेमके काम उरते.

प्रथम रोग ओळखण्याविषयी. गव्हावर तांबेऱ्याचे तीन प्रकार पडतात आणि तिन्ही पुक्सिनिया या एकाच वंशातील बुरशींमुळे होतात. आपल्या भागात सर्वांत जास्त आढळतो तो पानावरचा तपकिरी किंवा नारिंगी तांबेरा. याचे फोड टाचणीच्या डोक्याएवढे, गोलसर आणि बहुतेक पानाच्या वरच्या बाजूला असतात, आणि ते ओळीत नसून विखुरलेले असतात. दुसरा काळा किंवा खोडावरचा तांबेरा. याचे फोड लांबट व विटकरी रंगाचे असून ते खोडावर, खोडाला वेढणाऱ्या पानाच्या आवरणावर, पानाच्या दोन्ही बाजूंना आणि कधी कधी ओंबीच्या कुसळांवरही येतात. फोड फुटल्यावर पानाची वरची साल त्याच्या कडेने फाटून वर आलेली दिसते, आणि त्यावरून बोट फिरवले तर ती खरखर जाणवते. तपकिरी तांबेऱ्यात अशी फाटलेली साल सहसा दिसत नाही. तिसरा पिवळा तांबेरा शिरांच्या मधून सरळ रेषांत, शिवण घातल्यासारखा, पिवळ्या ठिपक्यांनी येतो. त्याला दहा ते पंधरा अंशांची सलग थंडी लागते, म्हणून तो पंजाब, हरियाणा आणि हिमाचलच्या पायथ्याशी मोठे नुकसान करतो, आपल्याकडे मात्र त्याचा उपद्रव सहसा नसतो. पीक पिवळे दिसले की ‘पिवळा तांबेरा आला’ अशी हाकाटी करण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.

शंका आली की सर्वांत सोपी परीक्षा बोटाची. पान दोन बोटांत धरून हलकेच ओढावे. तांबेरा असेल तर बोटांना गेरूसारखी भुकटी लागते आणि ती पुसल्यावरही रेषांत रंग राहतो. दाट लागण झालेल्या शेतातून सकाळी दहिवर उडून गेल्यावर पांढऱ्या कपड्यांत चालून आले तर गुडघ्यापर्यंत पायजमा तांबूस होतो. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. द्राक्षाच्या मण्यांवरील फुलकिडे पाहण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग अनेकांच्या खिशात असते, त्यातून एक फोड पाहावा: मधोमध नारिंगी दाण्यांचा उंचवटा, त्याभोवती पानाच्या सालीची बारीक कड आणि तिच्याबाहेर फिकट पिवळसर वलय, असे ते दृश्य असते. पीक पिकत आल्यावर त्याच जागी काळे, चकचकीत आणि बोटाला न लागणारे ठिपके येतात, ती बुरशीची पुढची अवस्था होय. पान कोणाला दाखवायला न्यायचे असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये, कारण पिशवीला आतून घाम येतो, भुकटीचे गोळे होतात आणि तासाभरात करपा कोणता व तांबेरा कोणता हे कळेनासे होते. वर्तमानपत्राच्या घडीत पान सपाट ठेवून आणलेले बरे. घडी उघडल्यावर कागदावर तांबड्या रेषा उमटलेल्या असल्या तर निम्मे निदान तेथेच झालेले असते.

कारण तांबेरा नसलेल्या पिवळेपणाची जातही मोठी आहे. नत्र कमी पडले की खालची, जुनी पाने टोकाकडून पिवळी पडत येतात आणि पिवळेपणा पट्टीसारखा सरळ असतो. थंडीची लाट येऊन गेली की पानांची टोके पांढुरकी होऊन वाळतात. पाणी साचलेल्या चोपण जमिनीत सगळा वाफाच फिका पडतो. करप्याचे ठिपके लांबट, तपकिरी व पिवळ्या कडेचे असतात, ते एकमेकांत मिसळून पान भाजल्यासारखे दिसते, पण त्यावर बोट फिरवले तर हाताला काहीच लागत नाही. मावा पडलेल्या पिकावर चिकटा पसरतो आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते, ती बोटाला लागते खरी, पण चिकट लागते आणि पानावरून पुसली जाते. या चारपाच गोष्टींत युरिया, पाणी आणि कीटकनाशक यांची कामे वेगवेगळी आहेत. सर्वांना मिळून एक बुरशीनाशक मारणे हा पैशाचा चुराडा आहे.

आता हा रोग येतो कोठून, हा प्रश्न. गावात मला नेहमी सांगितले जाते की रोग जमिनीतच आहे, मागच्या वर्षीच्या काडातून येतो, म्हणून काड जाळले पाहिजे. तांबेऱ्याच्या बाबतीत हे खरे नाही. ही बुरशी जिवंत, हिरव्या पेशींवरच जगते. मेलेल्या काडावर ती वाढत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांतील आपल्या उन्हात तिचे बीजाणू टिकाव धरत नाहीत. मग दरवर्षी नवी लागण कशी होते, याचा छडा आग्रा कॉलेजातील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी 1920 नंतरच्या दोन-तीन दशकांत लावला. सिमल्याजवळील फ्लॉवरडेल येथे 1930 साली त्यांनी सुरू केलेली प्रयोगशाळा आजही तांबेऱ्याच्या जाती तपासण्याचे काम करते. युरोप-अमेरिकेत काळा तांबेरा बार्बेरी नावाच्या काटेरी झुडपावर आपले एक आयुष्य काढतो, म्हणून 1918 पासून अमेरिकेत ही झुडपे उपटण्याची मोहीमच चालली. आपल्या हिमालयातही त्याच वर्गातील दारुहळद आहे, पण भारतातील साथीत त्या झुडपाचा वाटा नाही, असे मेहतांनी दाखवून दिले. येथे बुरशी उन्हाळा काढते ती डोंगरावर. निलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरांत गव्हाची हिरवी रोपे वर्षभर असतात, तेथे ती तग धरते आणि हिवाळ्यात वाऱ्याबरोबर पुन्हा मैदानात उतरते.

या प्रवासाचा मार्ग पुढे एस. नागराजन आणि एल. एम. जोशी यांनी हवामानाच्या नोंदींवरून मांडला. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळे दक्षिणेकडून वर सरकतात, तेव्हा निलगिरीवरील बीजाणू वाऱ्याबरोबर उत्तरेकडे वाहत येतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर मध्य भारतातील कोवळ्या गव्हावर उतरतात, असे त्याचे सार आहे. ज्या वर्षी नोव्हेंबरात ढग, भुरभूर पाऊस आणि पूर्वेचा वारा असे दिवस येतात, त्या वर्षी द्राक्षबागायतदार डाऊनीच्या धास्तीने रात्र जागून काढतो. त्याच दिवसांची नोंद त्याने गव्हासाठीही आपल्या वहीत करून ठेवावी, कारण गव्हावर त्याचा परिणाम लगेच न दिसता पुढे काही आठवड्यांनी दिसतो. काड जाळण्याचा मुद्दा मात्र येथेच निकालात निघतो. काड जाळून जमिनीतील सेंद्रिय कर्ब तेवढा जातो. निलगिरीवरून येणाऱ्या बीजाणूला त्याने काही फरक पडत नाही.

बीजाणू पानावर पडला म्हणजे लगेच रोग झाला असेही नाही. त्याला रुजायला पानावर पाण्याचा थर सलग काही तास टिकावा लागतो. वीस अंशांच्या आसपास तपकिरी तांबेऱ्याला चार ते सहा तास पुरतात, थंडी जास्त असेल तर अधिक लागतात. आपल्याकडे हे पाणी पाऊस नसतानाही दहिवर पुरवते. रात्री दहिवर पडून सकाळी नऊपर्यंत पान ओले आणि दुपारी ऊन, असे जानेवारी-फेब्रुवारीतील दिवस तपकिरी तांबेऱ्याला पंधरा ते पंचवीस अंशांत अगदी योग्य सापडतात. काळ्या तांबेऱ्याला थोडी अधिक ऊब लागते, म्हणून तो उशिरा, पीक दाणे भरण्याच्या सुमारास जोर धरतो आणि उशिरा पेरलेल्या गव्हाला गाठतो. लागण झाल्यापासून पहिला फोड फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस जातात, थंडीत ते लांबतात. फुटलेल्या एका फोडातून रोज हजारो बीजाणू बाहेर पडतात आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. म्हणून पहिला फोड दिसल्यावर आठवडाभर शेताकडे फिरकलेच नाही आणि नंतर पाहिले तर सगळे शेत तांबडे, हा अनुभव अनेकांना येतो. त्या आठवड्यात नव्याने काही आले नसते, आधी झालेली लागण वर आलेली असते. आमच्या शेजारचे एक नाना अशा वेळी ‘एका रात्रीत गहू भाजला, भाऊ’ असे सांगत येतात. त्यांना मी खालची पाने उलटून दाखवतो, तेथे काळे पडलेले जुने फोड बरेच दिवसांपासून बसलेले असतात.

या सर्व चक्राला सर्वांत पक्का अडसर वाणाचा आहे, आणि येथे निफाडचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1946-47 च्या हंगामात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ मध्य भारतात पसरली आणि उभी पिके चिपाडासारखी झाली. त्या काळी मुंबई राज्यात तांबेऱ्याला टिकणाऱ्या गव्हाचा शोध चालला होता. केनियातून आणलेल्या प्रतिकारक गव्हाचा निफाडच्या गव्हाशी संकर करून जे वाण काढले त्यांना ‘केनफाड’ हे नावच पडले. पुढे मेक्सिकोतून आलेल्या बुटक्या गव्हातून निवडलेला कल्याण सोना देशभर पसरला, उत्पादन वाढले, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस तोच वाण तपकिरी तांबेऱ्याला बळी पडू लागला. बुरशीही बदलते, हे त्यातून सर्वांना कळले. प्रतिकारक वाणाच्या अंगात असलेला एखादा जनुक ज्या बीजाणूला अडवतो, त्या बीजाणूत एखादा वेगळा निपजतो, त्याला ती अडचण येत नाही, आणि मैलोन्‌मैल तोच एक वाण पेरलेला असला की मग त्याला आडकाठीच उरत नाही. 1998 मध्ये युगांडात सापडलेल्या आणि ‘यूजी 99’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या काळ्या तांबेऱ्याच्या जातीने जगभर खळबळ उडवली ती याच कारणाने: अनेक देशांतील गहू एसआर 31 या एकाच जनुकाच्या भरवशावर उभा होता.

या संदर्भात आपल्या खपली गव्हाची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. खपलीची लापशी आणि मधुमेहींसाठीची पोळी यांच्या जाहिराती आता बऱ्याच दिसतात, पण अमेरिकेतील मिनेसोटात एल्विन स्टॅकमन यांनी काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी ज्या बारा गव्हांचा संच ठरवला त्यात ‘खपली’ याच नावाने आपला हा गहू होता, कारण काळ्या तांबेऱ्याच्या बहुतेक जातींसमोर तो टिकत असे. त्याच्याकडून मिळालेले प्रतिकारक जनुक आजही गहू पैदासकारांच्या कामात आहेत. घरासाठी एखादा वाफा खपलीचा ठेवणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनी तांबेऱ्याचा विचार केला असेलच असे नाही, पण ज्या वर्षी बन्सी गेला त्या वर्षी खपली हाताला लागली असणार, एवढा तर्क करायला हरकत नाही.

आज निफाडच्या केंद्राने दिलेल्या वाणांपैकी वेळेवर, बागायती पेरणीसाठी त्र्यंबक आणि तपोवन हे सरबती, तर गोदावरी हा बन्सी गहू उपलब्ध आहे; उशिरा पेरणीसाठी एनआयएडब्ल्यू 34 आहे, वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांसाठी फुले समाधान आहे, आणि एखाद-दुसऱ्याच पाण्याची सोय असणाऱ्यांसाठी नेत्रावती. हे वाण प्रसारित करताना तांबेऱ्याची परीक्षा घेतलेली असते. महाबळेश्वरला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा (म्हणजेच तांबेरा) संशोधन केंद्र आहे. तेथील थंड व दमट हवेत तांबेरा हमखास येतो, त्यामुळे नव्या वाणांना मुद्दाम रोगाच्या तोंडी देऊन पाहता येते. एवढी सोय असताना आपल्या बाजारात अजूनही ‘लोकवनच द्या’ असा आग्रह असतो. लोकवन, म्हणजे गुजरातमधील सणोसरा येथील लोकभारती संस्थेने दिलेला लोक-1, चपातीला उत्तम आहे आणि त्याचा टपोरा दाणा गिऱ्हाइकाला आवडतो, हे मला मान्य आहे; पण तांबेऱ्यापुढे तो दुबळा आहे, आणि लोकवन पेरणाऱ्याने जानेवारीपासून शेतावर नजर ठेवण्याची तयारी ठेवूनच तो पेरावा. माझे मत विचाराल तर दोन एकर गहू असेल तर एक एकर एक वाण आणि एक एकर दुसरा, असे करावे. साथ आलीच तर दोन्ही एकदम जात नाहीत, आणि शेजाऱ्यांनीही तसेच केले तर संपूर्ण शिवार एकाच जनुकाच्या आधारावर उभे राहत नाही.

वाणानंतर तारीख. बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावी, ही शिफारस उत्पादनासाठी म्हणून सांगितली जाते, पण तांबेऱ्याच्या दृष्टीने तिचे मोल अधिक आहे. वेळेवर पेरलेला गहू फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दाणे भरून घेतो, आणि रोगाचा जोर वाढेपर्यंत त्याचे बरेच काम उरकलेले असते. डिसेंबरच्या मध्याला, लाल कांदा काढल्यानंतर किंवा ऊस तुटल्यावर पेरलेला गहू मार्चच्या उन्हात दाणे भरत असतो, तेव्हा एका बाजूने ऊन आणि दुसऱ्या बाजूने काळा तांबेरा अशा कात्रीत तो सापडतो. अशा वेळी उशिरासाठीच शिफारस केलेला वाण घ्यावा आणि पंधरा डिसेंबरनंतर गव्हाचा हट्ट सोडून हरभरा किंवा चारापीक घ्यावे, हे उत्तम.

नत्राचे प्रमाणही येथेच सांगून टाकतो. वेळेवरच्या बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश ही शिफारस आहे. निम्मे नत्र पेरताना आणि निम्मे तीन आठवड्यांनी पहिल्या पाण्याबरोबर. बागेत खत टाकायची सवय असलेला हात गव्हातही सैल सुटतो, युरियाचा तिसरा आणि चौथा हप्ता पडतो, पाने रुंद, मऊ आणि गर्द हिरवी होतात, पीक दाट होऊन आत हवा खेळत नाही, दहिवर दुपारपर्यंत सुकत नाही, आणि तांबेऱ्याला हवे ते सगळे आपणच मांडून ठेवलेले असते. पाण्याचेही तसेच आहे. मुकुटमुळे फुटताना, कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणे भरताना पाणी लागतेच. तुषार संच लावणाऱ्यांनी मात्र तो पहाटे सुरू करून सकाळी लवकर बंद करावा, म्हणजे दहिवराने ओले असलेले पान दिवसा सुकते. संध्याकाळी तुषार चालवणे म्हणजे पान बारा तास ओले ठेवणे होय.

आता उरली फवारणी. तिचे काम एकच, ते म्हणजे ध्वजपान वाचवणे. ओंबीच्या लगेच खालचे हे शेवटचे पान आणि त्याच्या खालचे एक पान दाण्यात भरणाऱ्या अन्नाचा मोठा वाटा तयार करतात. ही दोन पाने दुधाळ अवस्था ओलांडेपर्यंत हिरवी राहिली तर खालच्या पानांवरील तांबेऱ्याने फारसे बिघडत नाही, आणि ही दोन लवकर गेली तर दाणा चिमतो. म्हणून पीक पोटरीत आल्यापासून, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणात असल्यापासून, दर तीन-चार दिवसांनी शेताच्या पाच-सहा ठिकाणी, बांधापासून आत शिरून, मधली पाने पाहावीत. मधल्या पानांवर फोड दिसू लागले, ध्वजपान अजून स्वच्छ आहे आणि हवा ढगाळ किंवा दहिवराची आहे, ही फवारणीची वेळ. ध्वजपानच तांबडे झाल्यावर किंवा दाणा हुरड्यात आल्यावर केलेली फवारणी मनाच्या समाधानासाठी असते.

औषधांपैकी प्रोपिकोनॅझोल 25 ईसी हे लिटरला एक मिली, म्हणजे दोनशे लिटर पाण्यातून एकरी दोनशे मिली, या प्रमाणात तांबेऱ्यावर चांगले चालते. ते पानात शिरते आणि नुकत्याच झालेल्या लागणीलाही आवरते. गरज असेल तरच पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी करावी. मॅन्कोझेब 75 टक्के भुकटी लिटरला दोन ते अडीच ग्रॅम हे जुने, स्वस्त औषध आहे, पण ते पानावरच राहते, म्हणून रोग येण्यापूर्वी किंवा अगदी सुरुवातीलाच ते उपयोगी पडते. बागेतील उरलेले औषध वापरण्याविषयी मात्र स्पष्ट सांगायला हवे. मेटॅलॅक्झिल, डायमेथोमॉर्फ यांसारखी डाऊनीची औषधे तांबेऱ्यावर चालत नाहीत. डाऊनी घडवणारा जीव खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, पाण्यातील शेवाळांच्या नात्यातला आहे, आणि ही औषधे त्याच्याच अंगातील क्रियांवर घाव घालतात. तांबेऱ्याच्या बुरशीला त्यांचे सोयरसुतक नाही. लेबलवर गहू आणि तांबेरा लिहिलेले नसेल ते औषध, दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी, गव्हावर घेऊ नये, आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची हे त्याच लेबलवर वाचावे. निर्यातीच्या मण्याची आपण जेवढी काळजी घेतो तेवढी घरच्या पोळीचीही घ्यायला काय हरकत आहे?

यंत्राचाही प्रश्न आहे. बागेतल्या एचटीपी पंपाच्या गनचा जोरदार फवारा पोटरीतील गव्हावर मारला तर पीक लोळते, आणि लोळलेल्या पिकात हवा आणखी कोंडते. पाठीवरचा पंप, बारीक थेंबांचा नोझल आणि दहिवर सुकल्यानंतरची, वारा पडलेली वेळ हेच गव्हाला सोयीचे. फवारा वरून पडतो तसा मधल्या पानांपर्यंतही पोहोचला की नाही हे पानावरचे थेंब पाहून खात्री करून घ्यावी.

तांबेऱ्याशी संबंध नसलेला, पण ओंबी निसवताना त्याच फेरीत दिसणारा एक रोग राहिला: काणी. निरोगी ओंब्यांपेक्षा दोन-तीन दिवस आधी बाहेर आलेली एखादी ओंबी पूर्ण काळी दिसते. तिच्यात दाण्यांच्या जागी काळी पूड असते, सुरुवातीला तिच्यावर चंदेरी, पारदर्शक पापुद्रा असतो, तो फाटला की वाऱ्याने पूड उडून जाते आणि नुसता वाकडातिकडा दांडा उरतो. ती पूड शेजारच्या फुलोऱ्यातील गव्हाच्या फुलात शिरते आणि बनणाऱ्या दाण्याच्या आत दडून बसते. दाणा बाहेरून टपोरा आणि निरोगीच दिसतो. म्हणजे येथे तांबेऱ्याच्या उलट स्थिती आहे: रोग निलगिरीवरून येत नाही, आपल्याच पोत्यातून येतो, आणि त्याच्यावर उभ्या पिकातील फवारणी काही करू शकत नाही. नुसते थायरमही दाण्याच्या आत पोहोचत नाही. कार्बोक्झिन आणि थायरम यांचे मिश्र औषध किलोला तीन ग्रॅम चोळून पेरणी केली तर आतली बुरशी मरते. 1930 च्या दशकात पंजाबात लुथरा या शास्त्रज्ञांनी बियाणे सकाळी चार तास पाण्यात भिजवून भर उन्हाळ्यातील दुपारी पातळ पसरून वाळवण्याची पद्धत शोधली होती. ओलाव्याने बुरशी जागी होते आणि उन्हाने मरते, असा तो विचार. आपल्या मालेगाव-येवल्याकडे मे महिन्यात तेवढे ऊन मिळते, पण आभाळ आले तर भिजलेले बियाणे मोड धरते, म्हणून मी औषधाच्याच बाजूने आहे.

काळी ओंबी दिसली की पापुद्रा फाटण्यापूर्वी, म्हणजे सकाळी दहिवर असतानाच, तिच्यावर कागदी पिशवी घालून खालून कापावी आणि बांधाबाहेर नेऊन जाळावी. उघडी ओंबी हातात धरून शेतातून चालत गेल्यास सगळ्या वाटेवर पूड सांडते. अशा ओंब्या बऱ्याच निघाल्या तर त्या शेतातला गहू खुशाल दळून खावा, बियाण्यासाठी मात्र ठेवू नये, आणि पुढच्या हंगामासाठी प्रमाणित बियाणे दिवाळीपूर्वीच आणून ठेवावे, कारण नोव्हेंबर उजाडल्यावर हवा तो वाण दुकानात मिळेलच असे नसते.